वेष्टणावर नसलेली नावे

मराठीत एखादा कवितासंग्रह निघाला तर त्याची चार ओळींची का होईना दखल घेतली जाते. कवीचे नाव, प्रकाशकाचे नाव, पृष्ठे, किंमत एवढे तरी कुठे ना कुठे छापून येते. तीच कविता एखाद्या कव्वालाने किंवा शाहिराने चाल लावून गायली, वस्तीतल्या चार जणांनी पैसे घालून तिची कॅसेट काढली, तर मराठी समीक्षेच्या लेखी ती घटना घडलेलीच नसते. वास्तविक त्या कवितासंग्रहाच्या प्रती खपल्या असतील त्याहून कितीतरी अधिक कानांपर्यंत ती कॅसेट गेलेली असते. मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चेतही छापील शब्दालाच मान आहे. शाहीर अमर शेख यांच्यासारखा शब्द आणि गळा दोन्ही लाभलेला माणूस आपल्या परंपरेत होऊन गेला, तरी त्यांच्यानंतरच्या गायलेल्या शब्दाचा हिशेब कोणी ठेवला नाही.

‘स्वतंत्र संगीत’ हा शब्दप्रयोग अलीकडे फार ऐकू येतो. मोठ्या कंपनीच्या पैशाशिवाय आणि चित्रपटाच्या आधाराशिवाय कलावंताने स्वतः काढलेले गाणे, असा त्याचा अर्थ. ही गोष्ट जणू रॅप गाणाऱ्या मुलांपासूनच सुरू झाली, असा समज आहे. या समजाची तपासणी करायची तर पिंपरी-चिंचवड ते चाकण हा औद्योगिक पट्टा फार उपयोगी आहे. येथे चाळीस-पन्नास वर्षांत कॅसेट आली आणि गेली, मोबाईलमधले मेमरी कार्ड आले आणि गेले, आणि आता यूट्यूब आहे. तिन्ही काळांत इथल्या कामगाराने मोठ्या कंपन्यांची गाणी ऐकली, तशी लहान माणसांनी काढलेलीही ऐकली. ही उपेक्षित ध्वनिमुद्रणे शोधताना खरी अडचण गाणे सापडण्याची नसते. गाणे सापडते, पण ते कोणाचे हे सापडत नाही.

आधी या भूमीविषयी थोडे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. टेल्को आणि बजाज या कारखान्यांनी माळरानाचे शहर केले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ मध्ये सुरू झाला. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, खानदेश येथून माणसे आली आणि नंतर उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. प्रत्येकाने गावाकडचे गाणे बरोबर आणले. कोणी पाळणे आणि नात आणले, कोणी भीमगीते, कोणी भारूड, कोणी बिरहा.

या पट्ट्याच्या एका अंगाला देहू आहे आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी असतो. तेथे अभंग-आरती होते आणि मग पालखी आकुर्डीच्या मुक्कामाकडे जाते, म्हणजे थेट कारखान्यांच्या शहरात. वारकऱ्याचा अभंग आणि दर्ग्याची चौखट यांची ही भेट आपल्या वाचकांना नवी नाही. येथे ती सांगण्याचे कारण वेगळे आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी त्यांचे नाव असते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांच्या रचनेतही त्यांचे नाव असते. गझलच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस असतो. लिहून ठेवणारा कोणी भेटेल याची खात्री नसलेल्या कवींनी आपले नाव गाण्याच्या आतच बांधून ठेवले. वही हरवली तरी नाव हरवू नये, अशी ती तजवीज होती.

ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीलाही हीच तजवीज दिसते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांत गाणे संपताच गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारत असे. तबकडी जर्मनीत छापली जाई आणि तिथल्या कारागिराला कोण गाते आहे हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे गायक-गायिकेचे नाव आवाजातच कोरण्याची रीत आपल्याकडे सव्वाशे वर्षे जुनी आहे.

मग मधल्या काळात काय झाले? फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ मध्ये आणली. भारतात तिचा खरा सुळसुळाट १९८० नंतर झाला. तोवर ध्वनिमुद्रण म्हणजे एचएमव्ही, असेच समीकरण होते. तबकडीचा कारखाना उभारायला मोठे भांडवल लागे. कॅसेटची नक्कल करणारे यंत्र मात्र एका खोलीत बसे. १९८३ मध्ये टी-सीरीजसारखी कंपनी उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग प्रत्येक प्रांतात, जिल्ह्याच्या गावातसुद्धा, लहान कंपन्या निघाल्या. त्यांच्याकडे नावाजलेले गायक नव्हते, म्हणून त्यांनी उरुसात गाणारा कव्वाल, जयंतीत गाणारा गायक, जत्रेतला तमाशा यांना माईकसमोर उभे केले. मराठीतले स्वतंत्र संगीत म्हणायचे तर हेच पहिले.

कॅसेटने गाण्याचा घाटही बदलला. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे मिळत. एवढ्या वेळात कव्वाली उभीच राहू शकत नाही. आधी रुबाई किंवा शेर, मग सावकाश मुखडा, मग एकाच ओळीवर गिरह लावत चढत जाणे ही तिची रीत. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चाले. त्यामुळे उरुसातली कव्वाली बरीचशी तिच्या मूळ चालीने घरात आली. ढोलकीवाल्याला हात मोकळा करायला जागा मिळाली. टाळ्यांचा ठेका पुढे आला. ज्यांनी या कॅसेटी ऐकल्या आहेत त्यांना त्यांतली उणीवही ठाऊक आहे. आवाज फाटलेला, हार्मोनियम गायकाच्या डोक्यावर चढलेली, एकाच दिवसात दोन्ही बाजू उरकल्याची घाई. तरीही त्या आवाजात श्रोत्यांसमोर बसून गाण्याची सवय जाणवते. स्टुडिओत तासन् तास घासूनपुसून काढलेल्या गाण्यात ती येत नाही.

याच काळात कव्वाली आपल्या मोहल्ल्याबाहेर किती दूर गेली, हे पाहण्यासारखे आहे. भीमगीतांच्या गायकांनी कव्वालीचा मुकाबला उचलला. श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही नावे या संदर्भात घ्यावी लागतात. १९५८ च्या ‘अल हिलाल’ चित्रपटातील कव्वालीने गाजलेले इस्माईल आझाद यांच्या पार्टीत प्रल्हाद शिंदे आरंभी कोरसमध्ये गात होते. पुढे त्याच गळ्याने विठ्ठलाची भक्तिगीते आणि बाबासाहेबांची गाणी घराघरांत नेली. त्यांची आलापी नीट ऐकली तर वरच्या सुरावर थांबून शब्द फेकण्याची कव्वालाची पद्धत ओळखू येते. पिंपरी चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी एप्रिलमध्ये गीतांचे कार्यक्रम होतात, त्यांतही ती ऐकू येते. मराठी संगीताच्या इतिहासात हे देणे-घेणे अजून कोणी धड लिहिलेले नाही. कारण त्याचा पुरावा कॅसेटींत आहे आणि कॅसेटी ग्रंथालयात नाहीत.

ग्रंथालयात त्या का नाहीत, याचे उत्तर सरळ आहे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला आपल्या पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयात पाठवावी लागते. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांची भर पडली. ध्वनिमुद्रणाचा समावेश त्यात नाही. म्हणून एखाद्या तालुक्यातला अगदी सामान्य कवितासंग्रह कोलकात्यात सापडण्याची शक्यता आहे, पण हजारो घरांत वाजलेली कॅसेट कुठेच जमा नाही. फितीवरचा चुंबकी थर काळाने सुटतो आणि पावसाळ्यात बुरशी धरतो. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कारागीर कमी होत गेले. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी अजून कधीमधी कॅसेटींचा ढीग दिसतो, पण ती घेणारा बहुधा हौशी संग्राहक असतो आणि त्याचा शोध चित्रपटगीतांचा असतो.

आता वेष्टणाकडे वळू. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात एक कलम वाढवण्यात आले. नक्कलचोरी रोखणे हा त्याचा हेतू. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टणावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक झाले: ध्वनिमुद्रण करणाराचे नाव-पत्ता, हक्क ज्याच्याकडे आहे त्याचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गायकाचे नाव छापलेच पाहिजे, असे या कलमात नाही. वादकाचा तर प्रश्नच नाही. गीतकाराने हक्क कंपनीला विकलेले असले की त्याचेही नाव छापण्याचे बंधन उरत नाही. मोठ्या गायकाचे नाव कंपनी स्वतःहून छापते, कारण त्यावर कॅसेट खपते. लहान गायकाचे नाव कधी असते, कधी नुसते ‘आणि पार्टी’ असते. ढोलकी, बेंजो, हार्मोनियम वाजवणारे, टाळी धरणारे, कोरसच्या बाया यांची नावे सहसा नसतातच. या कामांत आपले लोक मोठ्या संख्येने होते. मराठी कॅसेटच्या इतिहासात मुस्लिम कलावंत शोधायला गेले तर ते वेष्टणावर न सापडण्याचे एक कारण हे आहे. ते आवाजात आहेत, पण कागदावर नाहीत.

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यांची गाणी असंख्य गायकांनी गायली आणि कॅसेटींवर त्यांचे नाव नेहमी आलेच असे नाही. पण ते शेवटच्या कडव्यात ‘वामन’ अशी नाममुद्रा घालत. वेष्टण फाटले तरी गाणे कोणाचे हे ऐकणाऱ्याला कळे. २००४ च्या मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. एकाचे नाव शब्दांत राहिले, दुसऱ्याचे त्याच्या गळ्यामुळे राहिले. ज्यांच्याकडे नाममुद्रा नव्हती आणि एवढा मोठा लौकिकही नव्हता, त्यांचे काय राहिले?

मेमरी कार्डाच्या काळात हा प्रश्न आणखी बिकट झाला. साधारण २००५ नंतरची दहा वर्षे मोबाईलच्या दुकानात पैसे देऊन कार्ड भरून घेण्याची पद्धत होती. भोसरी-चाकणसारख्या ठिकाणी दुसऱ्या पाळीहून सुटलेला कामगार दुकानदाराला म्हणे, भाऊ, आमच्याकडची गाणी टाका. ‘आमच्याकडची’ म्हणजे कोठली, हे दुकानदार गिऱ्हाइकाच्या बोलीवरून ओळखी. खरे पाहता त्या काळातला तोच समीक्षक. काय ऐकण्यासारखे आहे, कोणाला काय आवडेल, कोणते नवीन आहे, हे त्याला ठाऊक असे. पण कॅसेटला निदान वेष्टण होते. इथे तेही गेले. फाईलचे नाव ‘नवीन कव्वाली’ किंवा नुसता आकडा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले आणि दुकानदाराची ही कामगिरीही संपली. त्याने कार्डात भरलेली ती निवड कोणीही जपून ठेवली नाही.

आता रॅपकडे पाहू. मुंबईत कुर्ल्याच्या नावेद शेख म्हणजे नेझीने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे एका आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले आणि त्यावरच चित्रीकरणही केले. त्याच सुमारास पुण्याच्या वस्त्यांतली मुले गाऊ लागली होती. पिंपरीहून लोकलने पुणे स्टेशनला उतरले की बाजूलाच ताडीवाला रोडची वस्ती आहे. तिथला अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन. लहान वयात तो कव्वाली गात असे, हे त्याच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ‘वाटा’ हे २०१८ चे गाणे, ‘तडीपार’ हा २०२० चा संग्रह, ‘इन्सान’ २०२२ चा. २०२३ च्या फेब्रुवारीत तो दूरचित्रवाणीवरील एक स्पर्धा जिंकला आणि मग वर्तमानपत्रांना त्याचे नाव कळले. तोवर औद्योगिक पट्ट्यातल्या शाळकरी मुलांना ते पाठ झाले होते.

त्याच्या गाण्याचा विचार नुसत्या लोकप्रियतेच्या अंगाने करू नये. ‘तडीपार’ हा शब्दच पाहा. १९५१ च्या पोलीस कायद्यातून तो वस्तीत आला आणि वस्तीने आपलासा केला. हद्दीबाहेर काढलेल्या माणसाची बाजू मांडण्यासाठी तोच शब्द शीर्षक होतो, ही कवीची नजर आहे. त्याची भाषा पुण्याच्या वस्त्यांत बोलली जाणारी दखनी वळणाची हिंदी आहे. ‘भलती पब्लिक’ या त्याच्या आरंभीच्या गाण्याचे पहिले पद मराठी आहे. दखनीने मराठीकडून ठासून सांगण्याचा ‘च’ घेतला, हे भाषाभ्यासकांनी पूर्वीच नोंदवले आहे. आपल्या घरांत मराठी आणि दखनी एकाच वाक्यात राहतात. छापील साहित्याने त्यांना वेगळ्या खोल्यांत ठेवले. या मुलाने तसे केले नाही. सुरुवातीच्या एका गाण्याचे नावच ‘अस्तगफिरुल्लाह’ आहे. त्यात तो आपल्या मागच्या वागण्याकडे पाहतो. स्वतःलाच फैलावर घेणारी ही रीत देहूच्या अभंगालाही परकी नाही.

पण कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागेल अशाही गोष्टी त्यात आहेत. शिव्यांविषयी मी फार तक्रार करणार नाही. वस्तीची भाषा शिव्यांशिवाय लिहिणे हाही एक खोटेपणा असतो. मात्र बाईविषयीचा त्याचा सूर बऱ्याच ठिकाणी हिणवणारा आहे. जो अन्याय पोलिसाने आपल्यावर केला म्हणून कवी चिडतो, तीच तुच्छता तो शेजारच्या मुलीच्या वाट्याला देतो, आणि त्याला ते जाणवत नाही. ज्या बाया कॅसेटींत कोरसमध्ये गायल्या आणि निनावी राहिल्या, त्या या नव्या गाण्यात तर कोरसमध्येही नाहीत. उपेक्षितांचे गाणे म्हणून याचा गौरव करणाऱ्यांनी एवढे तरी विचारले पाहिजे.

नावाच्या बाबतीत मात्र रॅपने जुनी वाट पुन्हा धरली. गायक आपले नाव गाण्यात घेतो, एकदा नव्हे, वारंवार घेतो. तुकोबांची मुद्रा, शायराचा तखल्लुस आणि गौहर जान यांचा उच्चार यांच्या पंक्तीत मी ते ठेवीन. ज्याला वेष्टणावर जागा नव्हती त्याच्या नातवाने गाण्याचाच ताबा घेतला आहे. या आग्रहाला नुसती बढाई म्हणणे सोपे आहे, पण त्यामागचा इतिहास माहीत असेल तर तसे म्हणवत नाही.

नाव सांगण्याची किंमतही असते, हे विसरू नये. २०२३ मध्ये राज मुंगासे या मराठी रॅप गायकावर सत्ताधाऱ्यांवरील गाण्यामुळे अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. ज्या गाण्याची साहित्यिकांनी दखल घेतली नसती, त्याची पोलीस ठाण्याने घेतली. म्हणून एखादा कंत्राटी कामगार आपले गाणे टोपणनावाने काढत असेल, ठेकेदाराला कळू नये म्हणून चेहरा झाकत असेल, तर त्याची निवड मान्य केली पाहिजे. आपण नाव शोधायचे ते त्याला विचारून. स्वतःहून लपवलेले नाव आणि दुसऱ्याने पुसलेले नाव यांत फरक आहे. समीक्षकाने दुसऱ्या प्रकारच्या नावांमागे लागावे.

कायद्याची मदत आता थोडी वाढली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकाला आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला, आणि गीतकार-संगीतकाराचा मानधनातील वाटा त्याच्याकडून पूर्णपणे लिहून घेण्यास मनाई झाली. पण १९८५ च्या कॅसेटवर ज्याचे नावच नाही, त्याने हा हक्क कोणत्या आधारावर मागायचा? त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे, म्हणजे २०४५ अखेरपर्यंत, कंपनीकडे आहे. ती कंपनी बहुधा बंद पडलेली आहे. हक्क तोवर कागदावर चालू राहील, फीत त्याआधीच खराब होईल आणि तिच्यावर वाजवणारे वृद्ध झाले आहेत किंवा अल्लाहला प्यारे झाले आहेत.

म्हणून नवे काय निघाले याची यादी करण्याइतकेच जुन्याची नोंद करणे तातडीचे आहे. यूट्यूबवर शोधायला गेले तर आधी तेच समोर येते जे लाखोंनी पाहिले आहे. उपेक्षित गाणे तिथे खाली दबलेले असते. ते शोधायचे तर माणसांकडेच गेले पाहिजे. उरुसाच्या कमिटीकडे, जयंती मंडळाच्या ध्वनिक्षेपकवाल्याकडे, लग्नात बेंजो वाजवणाऱ्या पार्टीकडे, आणि आज चाकणच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत मोबाईलवर गाणे भरणाऱ्या मुलाकडेही. कॅसेट मिळाली तर आधी वेष्टणाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, मग फीत. गायक, गीतकार, चाल कोणाची, वादक कोण, कोणत्या गावी आणि कोणत्या साली मुद्रण झाले, हे विचारून तारखेसह लिहावे. त्यानंतरच गाणे बरे की वाईट यावर बोलावे. वार्षिकांनी पुस्तक-परिचयाच्या शेजारी दोन पाने अशा ध्वनिमुद्रणांना दिली, तरी पाच-सहा वर्षांत बराच ऐवज जमेल.

एवढे मात्र करावे, की ढोलकीवाल्याचे नाव आधी विचारावे. गायकाचे नाव कोणीतरी सांगतेच.